निधीसंकलनावर खर्च करावा का? लहान संस्थांच्या विश्वस्तांचे नेहमीचे प्रश्न

वसतिगृह, बालवाडी, वृद्धाश्रम किंवा गावातले ग्रंथालय चालवणाऱ्या, स्थानिक देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थांसाठी हे पान आहे. विश्वस्तांच्या बैठकीत निधीसंकलनासाठी पैसे बाजूला काढण्याचा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. प्राप्तिकराची कलमे आणि फॉर्म जुन्या, सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या नावांनी लिहिले आहेत. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे पावतीवर काय छापायचे ते सीएंना विचारूनच ठरवा.

लोकांनी मुलांसाठी दिलेला पैसा, पैसे मागणाऱ्या माणसाच्या पगारावर कसा खर्च करायचा?

हा प्रश्न बहुधा बैठकीतली सर्वांत प्रामाणिक व्यक्ती विचारते, म्हणून तो टाळू नये. मुलांच्या जेवणासाठी म्हणून आलेला पैसा जेवणावरच जायला हवा, यात वाद नाही. मात्र बिनशर्त आलेल्या देणगीतून, किंवा खास याच कामासाठी मागून घेतलेल्या पैशांतून निधीसंकलनाचा खर्च करण्यात गैर काही नाही. तो हिशेबात उघडपणे दिसला की झाले.

हा खर्च आज होतच नाही, असेही समजू नका. मुख्याध्यापिका शाळा सोडून कंपन्यांचे उंबरठे झिजवतात, अधीक्षक मार्चमध्ये पंधरा दिवस फोनवरच असतात, जमाखर्च लिहिणारा मुलगा पावत्या पोचवायला गावभर फिरतो. त्या सगळ्यांचे पगार कार्यक्रमखर्चात धरले जातात, एवढेच. निधीसंकलनाला संस्था किंमत मोजतेच आहे, फक्त ती कोणी मोजून पाहिलेली नाही. आणि मूळ काम सोडून नाइलाजाने केलेले हे काम सहसा वाईटच होते.

पूर्वीच्या संस्था तर पगारी माणसांशिवाय उभ्या राहिल्या. आपल्याला का जमू नये?

त्यांनी निधीसंकलनाला पैसा कमी लावला असेल, पण माणूस पूर्णवेळ लावला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यानंतर अनेक वर्षे ते निधीसाठी हिंडत राहिले. १९२० मध्ये उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींकडून कर्व्यांनीच स्थापलेल्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये मिळाले. त्यानंतरही कर्वे थांबले नाहीत. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते परदेशदौऱ्यावर निघाले आणि विद्यापीठाचे काम देशोदेशी सांगत, निधी जमवत फिरले. बोटीचे तिकीट, मुक्काम, पत्रव्यवहार हे सगळे खर्चच होते.

अंताजी दामोदर काळे यांचा स्वदेशी उद्योगांसाठीचा पैसा फंड घ्या. माणशी एक पैसा एवढीच मागणी, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. एक एक पैसा गोळा करायला किती पाय झिजवावे लागले असतील! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडातही घरोघरची मूठभर धान्याची वर्गणी आठवणीने गोळा करणारे कोणीतरी होतेच. या मोठ्या माणसांच्या नावाने ‘खर्च नको’ असे म्हणणारे विश्वस्त त्यांची आयुष्ये त्या हिशेबात धरत नाहीत. तुमच्या मंडळातले कोणी रोज आठ तास यासाठी द्यायला तयार असेल तर पगारी माणूस खरोखरच नको.

दर्जेदार निधीसंकलन म्हणजे नेमके काय?

पहिली देणगी मिळवणे हा त्यातला सोपा भाग. देणगीदार दुसऱ्या आणि पाचव्या वर्षीही देतो का, यावर दर्जा कळतो. त्यासाठी करायच्या गोष्टी अगदी साध्या असतात आणि म्हणूनच राहून जातात. पावती आठवड्याच्या आत जावी. नाव अचूक असावे; ‘कुळकर्णी’ लिहिणाऱ्याला ‘कुलकर्णी’ करून पाठवले की तो काही बोलत नाही, पण लक्षात ठेवतो. पाच हजारांच्या वरच्या देणगीला फोन जावा, आणि त्या फोनवर पुढची मागणी नसावी. सहा महिन्यांनी एक पत्र जावे, त्यात पैशांचे काय झाले ते असावे. जे जमले नाही तेही असावे: ‘शिवणवर्ग सुरू केला, मुली आल्या नाहीत, म्हणून बंद केला आणि उरलेले पैसे सायकलींना वापरले.’ अशा पत्राला जितकी उत्तरे येतात तितकी चकचकीत वार्षिक अहवालाला येत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’ आपल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमातून काही संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. अशी संधी आपल्याला मिळाली तर काय कराल? बहुतेक संस्था त्या पैशांतून इमारतीचा मजला कसा चढवता येईल याचा विचार करतील. आमच्या मते पहिला विचार त्या नावांचा करावा. संस्थेशी काडीची ओळख नसताना विश्वास ठेवणाऱ्या इतक्या लोकांचे पत्ते पुन्हा कधी एकत्र मिळणार नाहीत, आणि त्यांना पुढच्या गणपतीपर्यंत एकही पत्र गेले नाही तर ते पुढच्या वर्षीच्या संस्थांकडे वळतील.

किती खर्च करायचा, आणि तो किती वर्षांत भरून येतो?

कल्पित आकड्यांवर हिशेब मांडू. महिना २५ हजारांवर एक माणूस नेमला. वर्षाचे ३ लाख. फोन, प्रवास, छपाई, टपाल मिळून आणखी १ लाख. वार्षिक खर्च ४ लाख, आणि सोयीसाठी तो तीन वर्षे तेवढाच धरू. दरवर्षी १५० नवे देणगीदार येतात, प्रत्येकी २,००० रुपये देतात.

पहिल्या वर्षी आले ३ लाख. म्हणजे १ लाखाचा खड्डा. याच बैठकीत ‘बघा, मी म्हणत होतो’ हे वाक्य येते आणि माणसाला निरोप दिला जातो.

पण धीर धरलात तर दुसऱ्या वर्षी त्या १५० पैकी निम्मे, म्हणजे ७५ जण पुन्हा देतात, आणि ओळख झाल्यामुळे थोडे जास्त, २,५०० रुपये. नव्यांचे ३ लाख धरून एकूण ४,८७,५००. तिसऱ्या वर्षी जुन्या ७५ पैकी ६० जण ३,००० रुपये देतात, दुसऱ्या वर्षीच्या नव्यांतले ७५ जण २,५००, आणि पुन्हा नवे १५०. एकूण ६,६७,५००. तीन वर्षांत आले १४,५५,०००, गेले १२ लाख. शिल्लक अडीच लाखांच्या वर, आणि चौथ्या वर्षी हातात नियमित देणाऱ्यांची यादी.

आता यात एकच आकडा बदला. पहिल्या वर्षानंतर निम्म्यांऐवजी पाचातला एकच टिकला असे धरा, बाकी सगळे तसेच. तीन वर्षांची जमा ११,२२,००० होते, खर्चापेक्षा ७८ हजारांनी कमी. माणूस तोच, पगार तोच, नवे देणगीदारही तितकेच, तरी संस्था तोट्यात. म्हणून निधीसंकलकाच्या आढाव्यात ‘या महिन्यात किती आणले’ हा एकच प्रश्न विचारणारे मंडळ चुकीचे काम करून घेते. ‘गेल्या वर्षीच्या किती जणांनी यंदा पुन्हा दिले’ हे आधी विचारा. आमच्या माहितीतल्या बऱ्याच संस्थांना हा आकडा पावती पुस्तके उलटून शोधावा लागतो.

प्रशासकीय खर्च दहा टक्क्यांच्या आत दाखवला नाही तर लोक देतील का?

काही जण देणार नाहीत, हे खरे. पण या टक्केवारीच्या भीतीने संस्थांचे काय होते, यावर जगभर विचार झाला आहे. २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मधल्या एका लेखाने या दुष्टचक्राला नाव दिले: देणगीदार अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा करतात, संस्था ती पुरी करण्यासाठी खर्च दाबतात किंवा लपवतात, आणि ते आकडे पाहून अपेक्षा आणखी खाली जाते. २०१३ मध्ये तर अमेरिकेत संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन संघटनांनीच देणगीदारांना खुले पत्र लिहिले की केवळ या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. त्यातली ‘चॅरिटी नॅव्हिगेटर’ तोवर हेच गुणोत्तर पाहून गुण देत होती.

आपल्याकडे व्यवहारात इतके करा: वार्षिक अहवालात निधीसंकलनाचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, शेजारी तीन वर्षांची जमा लिहा, खाली दोन वाक्यांत कारण द्या. चौकशी करणाऱ्या देणगीदाराचा राग बहुधा खर्चावर नसतो, लपवाछपवीवर असतो. तरीही शंभर रुपये आणायला चौथ्या-पाचव्या वर्षी साठ-सत्तर रुपये लागत असतील, तर तो राग रास्त आहे.

एक एजन्सी आमचे काम टक्केवारीवर करायला तयार आहे. पैसे आले तरच द्यायचे. मग जोखीम कुठे आहे?

जोखीम देणगीदाराच्या मनात आहे. आपल्या हजारातले तीनशे मागणाऱ्याच्या खिशात गेले हे कळल्यावर त्याला काय वाटेल? निधीसंकलकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही कमिशनवर काम करायला मनाई आहे. टक्केवारीवरचा माणूस आजच्या रकमेसाठी भरीस घालतो, कारण पुढच्या वर्षीच्या देणगीशी त्याला कर्तव्य नसते. बऱ्याचदा देणगीदारांची यादीही एजन्सीकडेच राहते. ठरावीक पगार द्या, ठरावीक शुल्क द्या, पण टक्का नको.

आमच्याकडे सगळे पैसे दादाच आणतात. लोक दादांना बघून देतात. दुसऱ्या कोणाला कोण देणार?

अशा संस्था महाराष्ट्रात खूप आहेत, आणि ‘दादां’च्या जागी ‘ताई’, ‘सर’ किंवा ‘काका’ लिहिले की चित्र तेच. चाळीस वर्षांची पुण्याई एका माणसाच्या नावावर आणि देणगीदारांचे नंबर त्याच्या फोनमध्ये. संस्थेने करायची पहिली गुंतवणूक हीच: दादांच्या शेजारी एक माणूस बसवा. त्याने वर्षभर फक्त ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. कोण कुणामुळे जोडले गेले, कोणाच्या आईच्या नावाने खोली आहे, कोणी कशावरून नाराज होऊन देणे थांबवले.

त्यानंतर दादांनी फोन करायचा आणि म्हणायचे, ‘यापुढे आमची स्मिता तुमच्याशी बोलेल.’ हे दादांनी स्वतःच्या तोंडाने म्हणणे आवश्यक आहे. ते गेल्यावर स्मिताने केलेला फोन अनोळखी बाईचा फोन असतो. दादांना हे सुचवायला मंडळातले सगळे बिचकतात. आमच्या मते हा विषय त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाआधी काढावा, कारण त्या समारंभात जमणाऱ्या माणसांची नोंद घ्यायलाही कोणीतरी लागेलच.

मग नेमायचे कोणाला?

व्यवस्थापनाची पदवी असलेल्यालाच घ्या, असे काही नाही. नीट मराठी लिहिणारी, फोनवर न घाबरणारी, दिलेला शब्द वहीत टिपून ठेवणारी व्यक्ती हवी. बँकेतून किंवा एलआयसीतून निवृत्त झालेले, मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या बायका, संस्थेतच शिकून मोठी झालेली मुलगी. अशांनी हे काम उत्तम केलेले आम्ही पाहिले आहे. सुरुवात अर्धवेळही चालेल. पण कामाच्या पहिल्या महिन्यात तिला वसतिगृहात राहू द्या, मुलांबरोबर जेवू द्या. काम न पाहिलेला माणूस माहितीपत्रक वाचून दाखवतो.

आणि तिला दुसऱ्या कामांना जुंपू नका. पाहुणे आले की चहा, सरकारी अहवाल आला की टायपिंग, असे करून वर्षअखेरीस ‘देणग्या वाढल्या नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही.

नाटकाचा प्रयोग लावून स्मरणिका काढली तर एकदम मोठी रक्कम उभी राहत नाही का?

राहते, कधी कधी. पण नाट्यगृहाचे भाडे, नाटकमंडळींचे मानधन, छपाई आणि कार्यकर्त्यांचे दोन महिने वजा करून पाहा. तिकीट घेणारा नाटकाला आलेला असतो. स्मरणिकेतली जाहिरात व्यापाऱ्याने शेजारधर्म म्हणून दिलेली असते. शिवाय जाहिरात ही देणगी नव्हे, तिला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी, पावती देता येत नाही. आनंदवनातले कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकार वाद्यवृंद घेऊन गावोगाव गेले, ती गोष्ट वेगळी होती. तिथे संस्थेचे कामच रंगमंचावर दिसत होते.

प्रयोग लावायचाच असेल तर दारावर नावे आणि फोन घ्या, मध्यंतरात संस्थेतल्याच एखाद्या मुलीला पाच मिनिटे बोलू द्या, आणि अध्यक्षांचे भाषण वगळा.

वाढदिवस आणि स्मरणार्थ देणग्या तर आपोआप येतात. त्यावर वेगळी मेहनत कशाला?

आपोआप येतात तितक्याच येतात. मराठी माणूस देण्यासाठी तारीख शोधतो: वाढदिवस, लग्नाचा पन्नासावा, सहस्रचंद्रदर्शन, वर्षश्राद्ध. ही तारीख तुमच्या नोंदीत आहे का? आईच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीनंतर पुढच्या वर्षी त्याच सुमारास दोन ओळींचे पत्र गेले, त्यात पैशांची मागणी नसली, तरी बहुतेक घरांतून काहीतरी येतेच. हे काम वर्षभर, रोज अर्धा तास करायचे आहे. आणि तारखा सांभाळणारे कोणी नसेल तर ते होत नाही.

इथे एक जुनी अडचण सांगायला हवी. अनेक संस्थांत फलक असतो: ‘कायम निधी अमुक रुपये, व्याजातून दरवर्षी एक दिवसाचे भोजन.’ १० हजारांच्या ठेवीवर १० टक्के व्याज होते तेव्हा वर्षाला हजार रुपये मिळत आणि जेवण होत असे. आज साडेसहा टक्क्यांनी ६५० मिळतात, आणि भाजीपाला कुठल्या कुठे गेला. संस्था मुकाट्याने फरक भरते. तो फलक उतरवा, नवी रक्कम हिशेब करून ठरवा, आणि जुन्या देणगीदारांच्या मुलांना खरी परिस्थिती कळवा. काही जण फरक भरतील. कायम निधीसाठी देणगीदाराकडून तसे लेखी पत्र घ्यायचे आणि ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच ठेवायची, हे विसरू नका.

गुप्तदान घेतले तर चालते का?

दात्याचे नाव फलकावर, अहवालात नको असेल तर खुशाल लपवा. पण संस्थेच्या दप्तरी नाव-पत्ता असला पाहिजे. तो नसलेल्या देणग्या धर्मादाय संस्थेसाठी एका मर्यादेपुढे (एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतले जे जास्त ते) ३० टक्के करपात्र ठरतात.

८०जी असले की लोक जास्त देतात का?

असावे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि आता तीच आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. दोन हजारांवरच्या रोख देणगीलाही ती मिळत नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांची मात्र गैरसोय करू नका: देणग्यांचे विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरा आणि १०बीई प्रमाणपत्र पाठवा. नुसत्या पावतीवर आता वजावट मिळत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, पण त्याहून जास्त नुकसान जुलैमध्ये ‘माझे प्रमाणपत्र कुठे आहे’ असे तीनदा विचारून कंटाळलेल्या देणगीदाराचे.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) मिळाला तर हे सगळे कशाला हवे?

मिळाला तर जरूर घ्या. त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते. पण तो पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो आणि कंपनीचा नफा, व्यवस्थापन किंवा धोरण बदलले की थांबतो. दोनशे घरांतून येणारा पैसा एकाच दिवशी थांबत नाही. ‘सीएसआरमध्ये प्रशासनाला पाचच टक्के’ हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. तुमच्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही. प्रस्ताव लिहिताना हे नम्रपणे, पण सांगाच.

अमेरिकेतले नातेवाईक द्यायला तयार आहेत. थेट खात्यात घ्यावे का?

आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला माणूस मात्र, मूळ गाव चिपळूण आणि हाती (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे) ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याने विदेशी स्रोत आहे. त्याची देणगी एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही, आणि ती असली तरी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. इथे कानाडोळा केला तर संस्थाच अडचणीत येते.

मुलांचे फोटो टाकल्याशिवाय लोक हलत नाहीत, असे म्हणतात.

बालगृहातल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपला रडवेला फोटो माहितीपत्रकावर पाहत मोठ्या झालेल्या मुलीला संस्थेबद्दल काय वाटेल? हात, पाठ, वह्या, स्वयंपाकघर, कपड्यांची दोरी. यांचे चांगले फोटो काढणारा माणूस शोधा आणि त्याला पैसे द्या.

पहिल्या वर्षीचा खड्डा भरायचा कशातून?

यासाठीच वेगळी मागणी करा. संस्थेला दहा-पंधरा वर्षे देत आलेले, स्वतः धंदा किंवा दवाखाना उभा केलेले दोन-तीन देणगीदार निवडा. त्यांना घरी जाऊन भेटा, वरचा तीन वर्षांचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडून दाखवा, आणि सांगा की हा पैसा मुलांच्या जेवणाचा नाही, माणूस नेमण्याचा आहे. स्वतःच्या व्यवसायात पहिली दोन वर्षे तोटा सोसलेल्या माणसाला हे पटवायला फार वेळ लागत नाही. रक्कम निम्मी मागू नका, पूर्ण तीन वर्षांची मागा. तुकड्यातुकड्याने मिळाली तरी हरकत नाही. सोबत काय मोजणार तेही लिहून द्या: किती जुने टिकले, किती नवे आले, एका नव्यामागे किती खर्च झाला. दर सहा महिन्यांनी ते आकडे त्यांना पाठवा. अठरा महिन्यांनंतरही पहिल्या वर्षाच्या देणगीदारांपैकी पाचातला एकच पुन्हा देत असेल, तर नवे शोधणे तिथेच थांबवा आणि जे परत आले नाहीत त्यांतल्या वीस जणांना फोन करून का दिले नाही ते विचारा.